पाटीवरच्या रेघा आणि एक नवी जाती

शाळेची जुनी दगडी पाटी आठवून पाहा. ओल्या फडक्याने पुसली तरी पेन्सिलीची एखादी पुसट रेघ तिच्यावर राहून जाते. आता त्या रेघेच्या एका कडेला करवतीसारखे बारीक दाते आहेत अशी कल्पना करा. स्कॉटलंड, वेल्स, स्वीडन, चीन अशा प्रदेशांतल्या काळ्या शेल खडकाचे पापुद्रे सोलले, की नेमक्या अशा रेघा दृष्टीस पडतात. कधी एक-दोन, तर कधी हाताच्या तळव्याएवढ्या कपच्यावर शंभर. या रेघांना ग्रॅप्टोलाइट म्हणतात. ग्रीक भाषेत लिहिणे आणि दगड या अर्थाच्या दोन शब्दांवरून हे नाव बनले आहे. १७३५ साली लिनिअसने ते प्रथम वापरले, तेव्हा तो यांना जीवाश्म मानतच नव्हता. जीवाश्मासारखी दिसणारी, पण निसर्गाने दगडावर काढलेली नुसती चित्रे, असे त्याचे मत होते.

(आपल्या शाळांतून वापरल्या गेलेल्या कित्येक पाट्या आंध्र प्रदेशातील मार्कापूरच्या दगडाच्या. त्यांवर भिंग घेऊन बसण्यात मात्र अर्थ नाही. तो खडक ग्रॅप्टोलाइट जन्माला येण्याच्या फार आधीचा आहे.)

या रेघांच्या शेकडो जाती आजवर ओळखल्या गेल्या आहेत आणि आजही नव्यांची भर पडत असते. प्राणिशास्त्रात ज्याला स्पीशीज म्हणतात त्याला या लेखात जाती म्हटले आहे, आणि त्याच्या वरच्या गटाला, म्हणजे जीनसला, वंश. नवी जाती सापडली अशी बातमी वाचली की वाटते, कुणाला तरी रानात एक अनोळखी दगड मिळाला आणि त्याने त्याला नाव दिले. प्रत्यक्षात दगड मिळणे हा त्यातला सर्वात सोपा भाग. तो खरोखर वेगळ्या जातीचा आहे हे सिद्ध करणे अवघड, आणि ग्रॅप्टोलाइटांच्या बाबतीत तर विशेष अवघड. शिवाय त्यात चूक झाली तर ती संग्रहालयाच्या कपाटापुरती राहत नाही, खडकांचे वयच चुकते. ते कसे हे पाहण्याआधी या प्राण्याची थोडी ओळख करून घेऊ.

रेघेमागचा प्राणी

रेघेचा प्रत्येक दाता म्हणजे एका सूक्ष्म नळीचे तोंड. प्रत्येक नळीत एक प्राणी राहत असे, आणि संपूर्ण रेघ म्हणजे त्या प्राण्यांची वसाहत, एक चाळच म्हणा ना. चाळीतली पहिली खोली सुईसारखी निमुळती असते. तिला सिक्युला म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटा खंजीर. पहिल्या प्राण्याला कोंब फुटून दुसरा, दुसऱ्याला फुटून तिसरा, अशी वसाहत वाढे. काहींच्या नळ्या एका बाजूला ओळीने असत, काहींच्या दोन्ही बाजूंना. बहुतेक जाती समुद्राच्या पाण्यात तरंगत जगत. मेल्यावर त्या तळाशी जात. तळाचा चिखल प्राणवायूविना असेल तर त्यांना कुजवणारे आणि खाणारे तेथे कुणी नसे. वर गाळाचे थर साचले, चिखलाचा शेल झाला आणि वसाहतीचा उरला कागदासारखा चपटा काळा ठसा.

हे प्राणी कोणाच्या गोत्यातले, हा प्रश्न दीडशे वर्षे भिजत पडला होता. वनस्पती, माकूळवर्गीय प्राणी, हायड्रासारखे प्राणी, असे बरेच तर्क झाले. पोलंडच्या रोमान कोझ्लोव्स्की यांनी चर्ट या गारगोटीसारख्या खडकाचे तुकडे हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळवले. (हे आम्ल काचही खाते आणि शरीराला अतिशय घातक असते, शाळेच्या प्रयोगशाळेत त्याला थारा देऊ नये.) खडक गेला आणि आतले ग्रॅप्टोलाइट न चेपलेले, सुटे, नाजूक असे हाती आले. त्यांच्या नळ्या अर्ध्या-अर्ध्या कड्या एकमेकींवर रचून बांधलेल्या होत्या आणि दोन बाजूंच्या कड्या जिथे जुळत तिथे नागमोडी शिवण दिसत होती. अशीच बांधणी आजच्या समुद्रातला ऱ्हॅब्डोप्ल्युरा हा चिमुकला प्राणी करतो. कोझ्लोव्स्कींचा हा ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१३ साली चार्ल्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी सगळी लक्षणे तपासून दाखवले, की ऱ्हॅब्डोप्ल्युरा ग्रॅप्टोलाइटांचा दूरचा नातेवाईक नसून स्वतःच एक ग्रॅप्टोलाइट आहे. म्हणजे पाठ्यपुस्तकात 'नामशेष' म्हणून छापलेला गट अजून जिवंत आहे! तरंगणाऱ्या जाती मात्र डेव्होनियन कालखंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यात, सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वी, संपल्या. उरले ते समुद्रतळाला चिकटून राहणारे.

शाळामास्तर लॅपवर्थ

ग्रॅप्टोलाइटांची जाती अचूक ओळखण्याला एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी चार्ल्स लॅपवर्थ या शिक्षकाची हकिकत सांगायला हवी. १८६४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो दक्षिण स्कॉटलंडमधल्या गॅलाशील्स गावी शाळामास्तर म्हणून आला. भूविज्ञानाचे रीतसर शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या टेकड्या आणि ओढे पालथे घालणे हा त्याचा छंद.

त्या टेकड्यांत करड्या वालुकाश्मांच्या जाड थरांमध्ये काळ्या शेलचे पट्टे पुन्हापुन्हा डोके वर काढतात. तज्ज्ञ समजत की हे सगळे पट्टे एकावर एक साचलेले वेगवेगळे थर आहेत. त्यामुळे तिथल्या खडकांची एकूण जाडी हजारो फूट भरत होती. लॅपवर्थने मॉफट गावाजवळच्या डॉब्ज लिन नावाच्या घळीत काळा शेल अक्षरशः फुटाफुटाने तपासला. कोणत्या फुटात ग्रॅप्टोलाइटांच्या कोणत्या जाती मिळतात याची नोंद ठेवली. त्याच्या लक्षात आले, की प्रत्येक जाती ठरावीक उंचीवर सुरू होते आणि थोड्या अंतरावर संपते. मग तो दुसऱ्या घळीत गेला, तिसऱ्या घळीत गेला. जातींचा क्रम तोच! काही ठिकाणी तर तो उलटा होता, म्हणजे थर पालथे झालेले होते. याचा अर्थ, काळे पट्टे अनेक नव्हते. शंभर मीटरच्या आसपास जाडीचा एकच शेल घड्या पडून पुन्हापुन्हा वर आला होता. साडीच्या निऱ्यांमध्ये एकच काठ अनेकदा दिसतो, तसा.

हे संशोधन १८७८ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात छापून आले. पुढच्याच वर्षी लॅपवर्थने एक जुना तंटाही सोडवला. सेजविक आणि मर्चिसन हे दोन दिग्गज कँब्रियन कुठे संपतो आणि सिल्युरियन कुठे सुरू होतो यावरून आयुष्यभर भांडले होते. दोघेही हक्क सांगत तो मधला काळ लॅपवर्थने वेगळा काढला आणि वेल्समधल्या एका प्राचीन टोळीवरून त्याला ऑर्डोव्हिसियन हे नाव दिले. आंतरराष्ट्रीय मान्यता मिळायला मात्र १९६० साल उजाडले.

जाता जाता एक योगायोग. १८७५ पासून बर्मिंगहॅमला प्राध्यापक होईपर्यंत, म्हणजे १८८१ पर्यंत, लॅपवर्थ सेंट अँड्र्यूज येथील ज्या शाळेत शिकवत होता तिचे नाव मद्रास कॉलेज. ती स्थापणाऱ्या अँड्र्यू बेलने मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवण्याची पद्धत आपल्या मद्रासमधल्या अनाथाश्रमाच्या शाळेत घडवली होती.

आता विचार करा. लॅपवर्थने दोन निराळ्या जाती एकच समजल्या असत्या, किंवा एकाच जातीला दोन नावे दिली असती, तर त्याला घळीघळींतला क्रम जुळलेला दिसलाच नसता. निऱ्या उलगडल्या त्या जाती नीट ओळखल्यामुळे.

गव्हाची ओंबी आणि सायकलची ट्यूब

मग नीट ओळखण्यात अडचण कसली? पहिली अडचण चपटेपणाची. गव्हाची एक ओंबी घ्या. तिच्यात दाण्यांच्या दोन रांगा समोरासमोर असतात. ओंबी वहीत अशी दाबा, की दोन्ही रांगा डावी-उजवीकडे दिसतील. दुसरी ओंबी पाव फेरा फिरवून दाबा, म्हणजे एकच रांग समोर येईल. दोन ठशांची रुंदी वेगळी, कडा वेगळ्या, डौल वेगळा. ओंबी कधी न पाहिलेल्या माणसाला ते ठसे दाखवले तर ही दोन पिके आहेत असेच तो म्हणेल. दोन्ही बाजूंना नळ्या असलेल्या ग्रॅप्टोलाइटांचे असेच होते. एका बाजूने दाबल्यास दोन्ही कडांना दाते दिसतात. पाव फेरा फिरून दाबल्यास नळ्यांची तोंडे मधोमध शिडीच्या पायऱ्यांसारखी दिसतात. लिनिअसने १७६८ साली एका रूपाला 'स्कॅलॅरिस' हे नाव दिले होते, म्हणजे शिडीचा. शिडी ही त्या जातीची खूण नव्हती. दोन रांगांचा कोणताही ग्रॅप्टोलाइट तसा पडला तर शिडीसारखाच दिसतो.

दुसरी अडचण खडकाच्या ताणाची. पर्वत घडताना शेलवर दाब येतो, तो एका दिशेने ताणला जातो आणि त्याच्या आतले ठसेही ताणले जातात. समजा, एका जातीत १० मिलिमीटर लांबीत १० नळ्या आहेत आणि वसाहतीची रुंदी २ मिलिमीटर आहे. खडक एका दिशेने पाव पटीने ताणला गेला. ताणाच्या दिशेत पडलेल्या वसाहतीचे १० मिलिमीटर साडेबारा होतील, म्हणजे १० मिलिमीटरमध्ये आता ८ नळ्या मोजता येतील. रुंदी २ मिलिमीटरच राहील. आडव्या पडलेल्या वसाहतीत नळ्या १० च राहतील, पण रुंदी अडीच मिलिमीटर होईल. मोजमापे घेणारा प्रामाणिकपणे लिहील: एक जाती सडपातळ आणि विरळ नळ्यांची, दुसरी रुंद आणि दाट नळ्यांची. खऱ्या खडकात एका दिशेने ताणताना दुसऱ्या दिशेने तो आकुंचनही पावतो, त्यामुळे फरक आणखी वाढतो. वर्गात हे दाखवायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पुरतो. त्यावर खडूने एकसारखे तीन-चार ग्रॅप्टोलाइट निरनिराळ्या दिशांना काढावेत आणि मुलांना तुकडा ताणायला सांगावे.

तिसरी अडचण वयाची. वसाहत पहिल्या नळीपासून वाढत जाते. अनेक जातींत ती सुरुवातीला अरुंद असते आणि पुढे रुंदावते. चार नळ्यांचे पोर आणि चाळीस नळ्यांचा प्रौढ यांची नुसती रुंदी तोलून पाहणे व्यर्थ आहे. म्हणूनच जाणकार अभ्यासक सर्वप्रथम वसाहतीचे बूड पाहतो. सिक्युला केवढी आहे, पहिली नळी तिच्यातून कुठे फुटते, आधी खाली उतरून मग वळते की सरळ वर चढते, या गोष्टी वयाने बदलत नाहीत आणि त्याच वंशावळ सांगतात.

नाव देण्याची रीत

एवढ्या शंका फिटल्यावरच नव्या जातीचे लिखाण सुरू होते. नमुना नेमक्या कोणत्या थरातून काढला हे ठाऊक असावे लागते. ओढ्यात पडलेल्या सुट्या दगडावर भरवसा ठेवता येत नाही. एका नमुन्यावर न थांबता जमतील तितके गोळा करून मोजायचे. शेल फोडला की ठशाचे दोन भाग होतात, एक या कपच्यावर आणि त्याचे प्रतिबिंब त्या कपच्यावर. दोन्ही जपून ठेवायचे, कारण एकावर न दिसणारे बूड दुसऱ्यावर दिसू शकते. मग जुन्या लेखांतली चित्रे आणि शक्य तर संग्रहालयांतले मूळ नमुनेच ताडून पाहायचे. ब्रिटिश ग्रॅप्टोलाइटांसाठी गर्ट्रूड एल्स आणि एथेल वुड या दोघींनी लॅपवर्थच्या देखरेखीखाली १९०१ ते १९१८ या काळात तयार केलेला सचित्र ग्रंथ अजूनही उघडावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी कुणी तीच जाती वर्णिली असेल तर आपले नाव बाद होते, जुने राहते. नियम कठोर आहे, पण त्याच्याशिवाय गोंधळ आवरला नसता.

प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. १९३० नंतर दिलेल्या नावासोबत ती जाती कशाने वेगळी ठरते हे शब्दांत सांगणे आवश्यक झाले. २००० सालापासून नाव धारण करणारा मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप, लेखातच स्पष्टपणे नेमावा लागतो. तो संग्रहालयात क्रमांकासह ठेवायचा असतो. पुढे वाद झाला, तर नाव कशाला दिले होते याचा निकाल त्या एका दगडाकडे पाहून लागतो.

नावाचे व्याकरण संस्कृत शिकवणाऱ्यांना ओळखीचे वाटेल. लॅटिन विशेषण विशेष्याच्या लिंगाप्रमाणे चालते. 'ग्रॅप्टस'ने संपणारे वंश पुल्लिंगी, म्हणून जातिनाम 'अक्युमिनॅटस', म्हणजे टोकदार. ऱ्हॅब्डोप्ल्युरा स्त्रीलिंगी, म्हणून भूमध्य समुद्रात ब्रायोझोआ प्राण्यांच्या सांगाड्यात दडून राहणारी तिची जी नवी जाती २०१८ साली वर्णिली गेली ती 'रेकॉन्डिटा', म्हणजे लपलेली.

एका जातीवर उभी असलेली सीमा

अक्युमिनॅटस ही जाती निकल्सनने १८६७ साली वर्णिली. ती डॉब्ज लिनच्या शेलमध्ये सापडते. ऑर्डोव्हिसियनच्या अखेरीस हिमयुग आले, समुद्रातले जीवन मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले आणि ग्रॅप्टोलाइटांच्या अगदी थोड्या शाखा तगल्या. त्यानंतर जे नवे प्रकार आले त्यांत ही टोकदार बुडाची जाती होती. तिच्यामुळे त्या थरांना अक्युमिनॅटसचा पट्टा असे नाव पडले.

१९२९ साली के. ए. डेव्हिस यांनी या टोकदारांमधून एक निराळी जाती काढली आणि तिच्यासाठी नवा वंशही केला: अकिडोग्रॅप्टस असेन्सस. 'अकिस' म्हणजे अणकुचीदार टोक, 'असेन्सस' म्हणजे वर चढलेला. बाकीच्या अनेकांच्या पहिल्या नळीला आधी खाली उतरून मग वळायची सवय. हिची सिक्युलेतून निघून जवळजवळ सरळ वर जाते, त्यामुळे बूड लांब आणि निमुळते होते. त्या वेळी हा काही मिलिमीटरांचा फरक तज्ज्ञांपुरताच होता.

१९८० च्या दशकात ऑर्डोव्हिसियन आणि सिल्युरियन यांच्यामधली जागतिक सीमा ठरवायची वेळ आली. जगातल्या अनेक ठिकाणांतून डॉब्ज लिनची निवड झाली. तिथल्या बर्कहिल शेलच्या तळापासून १.६ मीटर वरची पातळी म्हणजे सिल्युरियनचा आरंभ, असे ठरले. अक्युमिनॅटसच्या पट्ट्याचा तो तळ होता. पण नंतरच्या बारकाईच्या अभ्यासात त्या पट्ट्याचे दोन भाग करणे शक्य झाले: खाली असेन्सस, वर अक्युमिनॅटस. आता ती सीमा असेन्ससच्या प्रथम आगमनावरून ओळखली जाते. आजच्या मोजणीनुसार तिचे वय सुमारे ४४.३ कोटी वर्षे आहे. डेव्हिसनी दोघींना वेगळे केले नसते तर जगभरच्या खडकांत ही रेघ इतक्या नेमकेपणाने ओढता आली नसती.

आणि हे पुस्तकी काम आहे असेही नाही. चीनच्या सिच्वान प्रदेशात लुंगमाशी नावाच्या काळ्या शेलमधून नैसर्गिक वायू काढतात. हा शेल नेमका याच सीमेच्या आसपासचा आणि त्याच्या वरचा. वरून खालपर्यंत तो सारखाच काळा दिसतो, पण वायू सर्वत्र सारखा नसतो. विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दांड्या फोडून त्यांतल्या ग्रॅप्टोलाइटांच्या जाती पाहिल्या की आपण कोणत्या पातळीवर आहोत हे कळते. असेन्ससला अक्युमिनॅटस म्हटले तर खोदकाम करणारा भलत्याच थरात असेल.

महाराष्ट्रात हे जीवाश्म मिळण्याची आशा नाही. आपला काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, आणि तोही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण जाती ठरवण्याचा सराव मात्र कुठेही करता येईल. गहू तयार होण्याच्या दिवसांत एकाच शेतातल्या वीस ओंब्या आणाव्यात, कोवळ्या आणि पक्व दोन्ही. त्या वेगवेगळ्या बाजूंनी जाड पुस्तकात दाबाव्यात आणि आठवड्याने त्यांचे ठसे कागदावर गिरवून घ्यावेत. कोणता ठसा कोणत्या ओंबीचा हे न सांगता ते दुसऱ्या वर्गाकडे द्यावेत. लांबी, रुंदी आणि एका सेंटिमीटरमधली दाण्यांची संख्या मोजून त्या वर्गाने गव्हाच्या किती 'जाती' ठरवल्या, हे फळ्यावर मांडावे. मग मूळ ओंब्या त्यांच्या हाती द्याव्यात.